का धरलं ते लिहून द्या, आणि आमच्या भाषेत द्या



मागच्या पावसाळ्यात, भाताची लावणी अर्धी झालेली असताना, आपल्या एका पाड्याच्या वनहक्क समितीच्या सचिवाला बाजारातून उचललं. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणून गाडीत बसवलं. ती पाच मिनिटं तिसऱ्या दिवशी दुपारी संपली. मधल्या दोन रात्री तो कुठे होता याचा एक कागद नाही. बायको कडेवर पोर घेऊन ठाण्याच्या दारात गेली तर म्हणाले, इथे नाही. संध्याकाळी परत गेली तर म्हणाले, उद्या ये. तिसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे उभा केला, चॅप्टर केस लावली, बाँड लिहून घेतला आणि सोडला. सचिव सातवी शिकलेला आहे, त्याला वाचता येतं. पण "सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव असल्याने प्रतिबंधक कारवाई प्रस्तावित" हे त्याला कोण समजावणार? त्याने सही केली. कशावर केली ते त्याला आम्ही आठ दिवसांनी सांगितलं.

ठाण्याचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, आणि हे एकाच ठाण्यात होतं असंही नाही.

आता खरी गोष्ट ऐका. त्या तीन दिवसांतल्या मधल्या दिवशी प्रांत ऑफिसात आपल्या एकोणीस दाव्यांची सुनावणी होती. नकाशे, जुन्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं सचिवाच्या घरी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला. सुनावणीला नावं पुकारली गेली. बाकीचे गेले होते, पण हातात काही नाही. दाव्यांवर शेरा पडला, "पुरावा सादर केला नाही". एका माणसाला दोन रात्री बसवून ठेवलं आणि एकोणीस घरांची जमीन मागे ढकलली. लाठी नाही, गोळी नाही. फक्त एक माणूस बाजूला काढला.

आणि आम्ही काय केलं तेही लिहायला पाहिजे, नाहीतर हे पत्रक खोटं ठरेल. पहिल्या रात्री आम्ही बाराजण ठाण्यासमोर जमलो. पाऊस होता. हवालदार म्हणाला, गर्दी केली तर तुम्हालाही आत घेईन. आम्ही नऊ वाजता घरी आलो. त्याची बायको एकटीच समोरच्या दुकानाच्या ओट्यावर रात्रभर बसली.

तेव्हापासून आमच्यात भांडण चालू आहे. काही साथी म्हणतात, गुन्हा केला नसेल तर घाबरायचं कशाला, कोर्ट सोडतंच की. काही म्हणतात, ही मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यकर्त्यांची प्रकरणं आहेत, आपलं काम दळी प्लॉटचं, आपण त्यात कशाला पडा. या दोन्हींना उत्तर द्यायला हा अंक काढला आहे.

६ डिसेंबरला आम्ही सहाजण डहाणूहून पहाटेच्या लोकलने दादरला उतरलो. चैत्यभूमीला जायचं होतंच. शिवाय संध्याकाळी गिरगावात अटक आणि कोठडी या विषयावर कार्यकर्त्यांची बैठक होती, तिचं बोलावणं होतं. मधला दिवस मोकळा, आणि बसचं भाडं वाचवायचं होतं, म्हणून दादर ते गिरगाव चालत गेलो. या चालण्यात आम्हाला जे कळलं ते आधी पुस्तकातून कळलं नव्हतं.

दादरला रांग समुद्रापर्यंत होती. रांगेत उभं असताना आमच्यातल्या एकाने विचारलं, बाबासाहेबांनी अटकेबद्दल काय लिहून ठेवलंय? लिहिलंय. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनी एक नवीन कलम मांडलं, ते आज घटनेत कलम २२ आहे. धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगितलं पाहिजे. त्याला आपल्या पसंतीचा वकील भेटू दिला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. हे फौजदारी कायद्यात आधीपासून होतं. पण कायदा विधानसभेत बसून बदलता येतो, म्हणून बाबासाहेबांनी ते घटनेत घातलं. त्याच कलमात स्थानबद्धतेची पळवाटही आहे, खोटं कशाला सांगा. पण बाजारातून भाजी घेताना उचललेल्या माणसाला ती पळवाट लागू होत नाही. त्याला कलम २२ पूर्ण लागू होतं. सचिवाला २४ तासांत कुणापुढे उभं केलं? कुणापुढेच नाही. कारण कागदावर त्याची अटकच तिसऱ्या दिवशी सकाळी झाली!

दादरवरून परळ. परळला दळवी बिल्डिंगमध्ये गिरणी कामगारांच्या लाल बावट्याची कचेरी होती हे आपल्या जुन्या साथींना माहीत आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२९ ला, सरकारने डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आणि देशभरातले इतर कामगार पुढारी एका दिवसात उचलले. आणि खटला कुठे चालवला? परळला नाही, मुंबईतही नाही. मेरठला! गिरणगावातल्या माणसाने मेरठला जायचं कसं? निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. जवळजवळ चार वर्षं. त्या चार वर्षांत इथल्या गिरणीत काय झालं ते बघायला पुढारी नव्हते. शिक्षा काय झाली हा पुढचा प्रश्न. त्यांना त्यांच्या माणसांपासून तोडायचं होतं, ते पहिल्याच दिवशी झालं.

ही युक्ती त्याच्याही आधीची आहे. १९०८ च्या जूनमध्ये टिळकांना मुंबईत पकडलं, जुलैमध्ये हायकोर्टाने सहा वर्षांची शिक्षा दिली आणि पाठवलं पार ब्रह्मदेशात मंडालेला. तेव्हा याच परळ-लालबागच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस. गोळ्या खाल्ल्या. टिळकांचं सगळं आम्हाला पटतं असं नाही, पण त्या कामगारांचं पटतं. त्यांना लेख वाचता येत नव्हते. आपल्यासाठी बोलणारा माणूस नेला, एवढं त्यांना कळत होतं.

आपल्याकडेही तेच. वारली लढ्यात १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड शहीद झाले, आणि गोदावरीबाई आणि शामराव परुळेकरांना ठाणे जिल्ह्यात पाय ठेवायला बंदी केली. वेठबिगाराला उभं करणारी माणसं जिल्ह्याच्या बाहेर, आणि सावकार जिल्ह्याच्या आत. आज त्याला तडीपारी म्हणतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत माणसाला त्याच्या जिल्ह्यातून काढता येतं. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा अपवादाचा उपाय आहे, सरसकट वापरायचा नाही. पण बघा, तडीपारीचा हुकूम काढू शकतो तो प्रांत, आणि आपल्या वनहक्क दाव्यांच्या उपविभागीय समितीचा अध्यक्षही प्रांतच. एका खुर्चीवर बसून तो आपला दावा तपासतो आणि त्याच खुर्चीवरून दावा लिहिणाऱ्याला जिल्ह्याबाहेर काढू शकतो. यात कुणा एका साहेबाचा दोष नाही, खुर्चीच तशी केलेली आहे. म्हणून आपण प्रत्येक वेळी विचारायचं, साहेब, आज तुम्ही कोणते?

लालबागला पोचेपर्यंत पाय दुखायला लागले. जिथे गिरण्या होत्या तिथे आता काचेचे टॉवर आहेत, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. एका टपरीवर चहा घेतला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही आर्थर रोड जेलचा रस्ता विचारला. ते म्हणाले, "कोण आहे आत तुमचं?" आम्ही म्हणालो, आत्ता कुणी नाही. ते हसले. म्हणाले, "मग बघून घ्या, रस्ता माहीत पाहिजे."

सात रस्त्याजवळ तुरुंगाची ती लांब भिंत आहे. त्या रस्त्याला आज साने गुरुजींचं नाव दिलंय. गुरुजी स्वतः कितीदा तुरुंगात गेले! तिथून पुढे भायखळा, तिथे बायकांचा तुरुंग. सुधा भारद्वाज आणि शोमा सेन या दोघींना २०२० मध्ये पुण्याच्या येरवड्यातून इथे आणलं. सुधाताई छत्तीसगडमध्ये कामगारांच्या आणि आदिवासींच्या जमिनीच्या केसेस लढवणाऱ्या वकील. ज्या भीमा कोरेगावच्या खटल्यात त्या आणि आणखी पंधरा जणांना धरलं, तो खटला पुण्यातून मुंबईला, काळा घोड्याजवळच्या सत्र न्यायालयात आणला गेला, कारण तपास केंद्राच्या यंत्रणेने घेतला. पहिल्या अटका जून २०१८ च्या. आम्ही हे लिहितोय तो डिसेंबर २०२५ आहे. साडेसात वर्षं होत आली, एक साक्षीदार उभा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना जामीन दिला तेव्हा साक्षीदारांची संख्या ३६३ आहे, खटला लवकर संपणार नाही, हेच कारण धरलं. ते दोघं तोवर साडेसहा वर्षं आत होते.

"गुन्हा नसेल तर कोर्ट सोडतंच" म्हणणाऱ्या साथींनी हे दोनदा वाचावं. कोर्टाने दोषी ठरवलं नाही, निर्दोषही ठरवलं नाही. यूएपीए कायद्यात जामीनच इतका अवघड केलाय की खटला हवाच कशाला? कोर्ट सोडतं, खरं आहे. पण तोवर पेटीची किल्ली कुणाकडे असते?

यातली दोन माणसं आपली आहेत. आपली म्हणजे जंगलाची. एक महेश राऊत. गडचिरोलीचा तरुण, इथे मुंबईत टाटा संस्थेत शिकला आणि परत गडचिरोलीला जाऊन ग्रामसभांबरोबर कामाला लागला. तेंदूपत्ता आणि बांबू ठेकेदाराने न विकता ग्रामसभेने विकावा, खाणीला ग्रामसभेची परवानगी लागते ती खरीखुरी घ्यावी, हे त्याचं काम. ६ जून २०१८ ला अटक. त्याला धरल्यावर तिकडच्या अनेक ग्रामसभांनी ठराव केले की हा आमचा माणूस आहे, सोडा. २१ सप्टेंबर २०२३ ला हायकोर्टाने जामीन दिला. तपास यंत्रणेने वरच्या कोर्टात जायचं म्हणून स्थगिती मागितली, ती मिळाली आणि वाढत गेली. जामीन हातात असून दोन वर्षं तुरुंगात! शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये आजारपणावर सहा आठवड्यांचा तात्पुरता जामीन मिळाला. मधल्या काळात आत बसून त्याने वकिलीची प्रवेश परीक्षा दिली, आणि बाबासाहेबांच्या संस्थेच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजात प्रवेश घ्यायला हायकोर्टाने परवानगी दिली. आपल्या शाळेतल्या पोरांना हे मुद्दाम सांगा.

दुसरे फादर स्टॅन स्वामी. झारखंडमध्ये आदिवासींची जमीन आणि पेसा कायदा यावर आयुष्य घालवलं. नक्षलवादी म्हणून तुरुंगात टाकलेल्या आदिवासी पोरांचे खटले चालतच नाहीत, म्हणून ते हायकोर्टात गेले होते. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांनाच रांचीहून उचललं आणि मुंबईला आणलं. वय ८३. कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगातून त्यांनी पाणी प्यायला नळी मागितली. नळी! यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले आणि मग सांगितलं, आमच्याकडे नळी नाही. मे २०२१ मध्ये त्यांनी हायकोर्टाला सांगितलं की मला जे. जे. हॉस्पिटलला नको पाठवू, मला माझ्या माणसांत जायचंय. ५ जुलै २०२१ ला त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असताना कोर्टाला सांगितलं गेलं की ते वांद्र्याच्या हॉस्पिटलात गेले. रांचीचा म्हातारा मुंबईत मेला. मेरठचीच युक्ती, रस्ता फक्त उलटा.

सुधाताईंना डिसेंबर २०२१ मध्ये जामीन मिळाला तेव्हाही अट होती की मुंबईच्या कोर्टाची हद्द सोडायची नाही. तुरुंगाचं दार उघडलं, छत्तीसगड तेवढंच लांब राहिलं.

या खटल्यातला मोठा पुरावा कॉम्प्युटरमधली पत्रं आहेत. आरोपींच्या वकिलांनी त्या हार्ड डिस्कची नक्कल अमेरिकेतल्या एका तपासणी कंपनीला दिली. तिने २०२१ मध्ये सांगितलं की ही पत्रं बाहेरून कुणीतरी कॉम्प्युटरात घुसवली आहेत. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि कोर्टाने अजून ठरवलेलं नाही, कारण खटलाच नाही. शहरातले मित्र आम्हाला हसतात की अजून सायक्लोस्टाइल काय काढता, हाताला शाई लागते. लागू द्या. आमच्या स्टेन्सिलमध्ये रात्री कुणी पत्र घुसवत नाही.

संध्याकाळी गिरगावात बैठक झाली. चाळीतला हॉल, वर पंखे, खाली सतरंजी. तिथे एका वकील ताईंनी जो निकाल समजावून सांगितला त्यासाठी हा अंक आहे म्हणा. वरळीला जुलै २०२४ मध्ये एका महागड्या गाडीने स्कूटरवरच्या कोळी जोडप्याला धडक दिली, त्यात बाई गेल्या. गाडी चालवणारा म्हणून धरलेला तरुण मोठ्या घरचा. त्याच्या वकिलांनी मुद्दा काढला की अटकेची कारणं आम्हाला लिहून दिली नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे परवाच, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना निकाल आला. कुठल्याही गुन्ह्यात अटक करा, कारणं लेखी द्यायची. आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. त्याच वेळी लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा, कोठडी बेकायदा, माणूस सुटला पाहिजे.

गाडीवाल्याच्या पोरामुळे आपल्याला हा निकाल मिळाला हे आम्हाला आधी रुचलं नाही. वारलीच्या, कातकऱ्याच्या अटकेने असा निकाल आला असता तर छाती फुगली असती. पण आपल्या अटका सुप्रीम कोर्टापर्यंत जातात कुठे? त्या ओट्यावरच संपतात. म्हणून हा निकाल उचला, तो सगळ्यांसाठी आहे. आणि नवीनही नाही. १९६२ सालीच महाराष्ट्रातल्या एका स्थानबद्ध माणसाने म्हटलं होतं की मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, आणि सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं होतं. आपला सवाल आता हा आहे की आमची भाषा कोणती? पोलीस म्हणतील मराठी दिली की. साथींनो, "दखलपात्र", "संभव", "अन्वये" ही मराठी आपल्या आयांची नाही. पाड्यावरच्या आजीला वारलीत समजतं, गडचिरोलीच्या आजोबांना माडियात समजतं, सातपुड्यात भिलीत आणि पावरीत. कागद तसा पाहिजे. लिहिणारा नसेल तर आमच्यातली बारावी झालेली पोरं आहेत, बोलवा, आम्ही देवनागरीत लिहून देऊ. अमुक कलम असं लिहून चालणार नाही. कुठे, कधी, काय केलं म्हणून धरलं, ते लिहा.

बायांसाठी याच मुंबईने एक जुनी वाट पाडून दिलेली आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्राचीच केस झाली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये हुकूम निघाला. बायांची कोठडी वेगळी, पहारा बाई शिपायाचा, नातेवाइकाला लगेच खबर, आणि मॅजिस्ट्रेटने प्रत्येक धरलेल्या माणसाला स्वतःहून विचारायचं की तुला मारलं का. हे विचारत नाहीत! विचारलं नाही तर आपण सांगायचं. पाठ दाखवायची. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, अगदीच गरज असेल तर बाई अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. हे तरी प्रत्येक बाईला पाठ असू द्या.

१९९६ च्या १८ डिसेंबरला बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेचे नियम घालून दिले, तेही अशाच एका पत्रावरून. धरणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव पाहिजे. जागेवर पंचनामा लिहायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या कुणा जाणत्याची सही आणि वेळ. वैद्यकीय तपासणी. हे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आलंय, कलम ३६, ४७, ४८, ५३, ५८. नंबर लक्षात नाही राहिले तरी हरकत नाही, वहीत लिहून ठेवा. ठाण्यात कॅमेरे आणि त्यांचं चित्रण जपून ठेवणं हाही २०२० चा हुकूम आहे. म्हणून ज्या तासाला माणूस आत गेला तो तास आपण लिहून ठेवायचा, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण मागताना तारीख-वेळ लागते. सचिवाच्या वेळी आम्ही ती लिहिली नाही. आता कुणी म्हणतं सहा, कुणी म्हणतं दिवे लागणीची वेळ.

"आपण त्यात कशाला पडा" म्हणणाऱ्या साथींना एकच सांगतो. जुलै २०२५ मध्ये विधानसभेने आणि विधान परिषदेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. लोकांच्या बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. त्यात सरकारने एखादी संघटना बेकायदा ठरवली की तिच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि सभासद नसलेल्याने वर्गणी किंवा आसरा दिला तर दोन वर्षांपर्यंत. आसरा! आपल्या पाड्यावर आलेल्या कोणत्या कार्यकर्त्याला आपण भाकरी आणि अंथरूण दिलं नाही? सरकार म्हणतं हे कडव्या डाव्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. चॅप्टर केसही दंगलखोरांसाठीच होती, सचिवासाठी नव्हती.

९ डिसेंबर १९९८ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जाहीरनामा केला की दुसऱ्यांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्याला सरकारने संरक्षण दिलं पाहिजे. चांगलं आहे. आपल्याकडे त्याचा कायदा नाही, म्हणून आहे त्या हत्याराने काम करायचं. अनुसूचित जमातीच्या माणसावर खोटी, त्रास देण्यासाठी फौजदारी कारवाई करणं हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे, आणि वनहक्क वापरू न देणं हाही. आदिवासीला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

बैठकीतून निघून रात्री तिथेच झोपलो. रविवारी सकाळी चर्चगेटला गाडी पकडायच्या आधी काळा घोड्याला कोर्टाची इमारत बघून आलो. बंद होती. शिपायाने विचारलं काय पाहिजे. आम्ही म्हणालो, रस्ता बघायला आलोय.

आता ठरलंय ते असं. प्रत्येक पाड्यावर एक अटक-वही ठेवायची. माणूस नेला की कोणी नेला, गाडीचा नंबर, छातीवरचं नाव, वेळ, कुणापुढे नेला, हे तिथल्या तिथे लिहायचं आणि जमलेल्यांनी सह्या-अंगठे करायचे. ठाण्यासमोर पाळी लावायची, चार-चार जणांनी, रात्रभर, दोन बाया असतीलच. शांत बसायचं, घोषणा नको, पण उठायचं नाही. कारणांचा कागद मागायचा, लेखी मागायचा, नकार दिला तर नकाराची वेळ वहीत. ग्रामसभेने आधीच ठराव करून ठेवायचा की दाव्याचं काम करणारे हे हे लोक ग्रामसभेच्या सांगण्यावरून करतात. महेश राऊतसाठी गडचिरोलीने केले तसे, पण आपण अटकेच्या आधी करू. ठरावाची एक प्रत ठाण्यात, एक प्रांताकडे, पोच घेऊन.

एकोणीस दाव्यांची फेरसुनावणी मागितली आहे. अर्जासोबत सचिवाच्या चॅप्टर केसच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. पेटीच्या तीन किल्ल्या करून घेतल्या, एक त्याच्या बायकोकडे आहे. सुनावणीच्या दिवशी तालुक्याला जायचं भाडं म्हणून घरटी दहा रुपये काढायचेत, पैसे नसतील तर शेरभर नागली चालेल. पुढच्या बाजाराच्या आत वडाखाली आणून द्या, अटक-वह्याही तिथेच मिळतील.